राईचं ठिकाण

मसुरे, २० नोव्हेंबर १९८५

सातेरी माउलीची कृपा असो.

चि. सुनीती, तुला मामाचे आणि मामीचे आशीर्वाद.

तू जाऊन आठवडा झाला, पोचल्याचं कार्ड अजून नाही. कसालला तुला एसटीत बसवलं तेव्हा ती गाडी एका बाजूला कलली होती. मी कंडक्टरला तसं म्हटलं, तर तो हसला. तुझी मामी राधाबाई म्हणते, गाडीला काही झालं असतं तर पेपरात आलं असतं. पण आपल्याकडे पेपर येतो तो भिकाजीच्या घरचा वाचून झाल्यावर, आणि शेजारी झाला तरी तो मुद्दाम दोन दिवस दाबून ठेवतो. तेव्हा आधी कार्ड टाक.

दिवाळीत येऊन तू माझ्याकडून झाडपाल्याची माहिती लिहून नेलीस, त्यापासून मला झोप नाही. मी चौथी शिकलेला माणूस. बापानं सांगितलं त्यातलं निम्मं विसरलो आणि उरलेलं बरोबर आहे की नाही ठाऊक नाही. जुलाबाला कुडा सांगितला, तो बोलण्याच्या भरात काळा तर सांगितला नाही ना? पांढरा. पांढरा लिही. तुमच्या त्या मशिनात एकदा चूक गेली की ती पुण्या-मुंबईला सगळीकडे तशीच जाईल आणि लोक म्हणतील मसुऱ्याच्या विश्राम परबानं सांगितलं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. सातेरीच्या देवराईतली मुळी, जिला तुम्ही सर्पगंधा म्हणता. तुला तिथे नेलं ते देवीला विचारून. गुरवानं सातेरीला कौल लावला, उजवी पाकळी पडली, म्हणजे देवी हो म्हणाली, तू डोळ्यांनी बघितलीस. पण मी विचारलं होतं ते एवढंच, की भाचीला मुळी दाखवू का. दुसऱ्या कुणाला दाखवायचं मी विचारलेलं नाही आणि देवीनं सांगितलेलं नाही. म्हणून मुळीचा गुण लिही, पण ती कुठे आहे ते लिहू नको. ती इतक्या दाटीनं आता आपल्याकडे कुठेही उरलेली नाही. बाहेर जिथे जिथे होती, तिथे माणसं पोती घेऊन आली आणि मातीसकट घेऊन गेली. तू तुझ्या आईच्या, मथुराच्या शपथेवर हो म्हणालीस. तरी पुन्हा लिहितो, राग मानू नको.

खोकला कसा आहे?

तुझा मामा
विश्राम


पुणे, ५ डिसेंबर १९८५

ती. मामा आणि मामी, दोघांना नमस्कार.

कार्ड टाकलं होतं, ते कुठे अडकलं कोण जाणे. गाडी कलली नाही. फोंडा घाटात झोपून माझी मान तेवढी कलली.

कुडा पांढराच लिहिला आहे.

तुम्ही विचारत होता की मशीन काय करतं. आमच्या संस्थेत एक थंड केलेली खोली आहे, आत जाताना देवळासारख्या चपला बाहेर काढाव्या लागतात. आत कॉम्प्युटर, त्याच्या पडद्यावर हिरवी इंग्रजी अक्षरं. एका झाडाला मसुऱ्यात एक नाव, कुणकेश्वरला दुसरं, देशावर तिसरं आणि जुन्या पोथ्यांत चौथं. कधी एकाच नावाची दोन वेगळी झाडं असतात, आणि मग औषध चुकतं. आम्ही प्रत्येक झाडाला एक क्रमांक देतो आणि त्याची सगळी नावं त्या क्रमांकाखाली बसवतो. तुम्ही वेगवेगळी म्हणून दिलेली दोन पानं एकाच झाडाची निघाली, एक कोवळं, एक जून. असं काही सापडलं की सगळ्या श्रमाचं चीज होतं, मामा.

प्रत्येक झाडापुढे ठरलेले रकाने आहेत. नाव, कोणता भाग वापरतात, कशावर, किती, आणि ठिकाण. ठिकाणाचा नियम कडक आहे. कुणालाही न विचारता परका माणूस त्या झाडापर्यंत पोचू शकला पाहिजे, म्हणजे माहिती पडताळता येते. पण राईतल्या मुळीपुढे तो रकाना मी रिकामा ठेवला आहे. आईच्या नावाने दिलेला शब्द आहे, तो मोडणार नाही. निश्चिंत झोपा.

एक विचारायचं आहे. तुम्ही सगळीकडे चिमूटभर सांगितलं आहे. सर म्हणतात, चिमूट म्हणजे किती ग्रॅम?

माझी नेमणूक अजून तात्पुरतीच आहे. खोकला गेला.

तुमची
सुनीती


मसुरे, २ जानेवारी १९८६

सातेरी माउलीची कृपा असो.

चि. सुनीतीस आशीर्वाद.

पत्र वाचून जीव जाग्यावर आला. राधाबाईला दोनदा वाचून दाखवलं. चपला काढून आत जातात हे तिला फार आवडलं.

चिमटीचं काय सांगू. आम्ही ज्याला औषध द्यायचं त्याच्याच बोटांनी चिमूट घ्यायला लावतो. पोराची चिमूट पोराएवढी, बाप्याची बाप्याएवढी. त्याचे ग्रॅम कसे करायचे ते तुमचे सर जाणोत. चुकीचं काही बसवू नका म्हणजे झालं. मुळीची चिमूट तर जपूनच, जास्त झाली तर माणूस दिवसभर उठत नाही. हे लिहिलंस ना? लिहिलं नसशील तर लिही.

इकडे थोडी कटकट झाली. तुला राईत नेल्याचं गावात उशिरा कळलं आणि भिकाजीनं देवळात सगळ्यांसमोर काढलं. मला म्हणाला, "भाचयेक राई दाखयलंस, आता जावय इलो काय तेका देऊळच दी." लोक हसले. मलाही हसू आलं, पण आतून लागलं. मी उठून नारळ घेतला, देवीपुढे ठेवला आणि सांगितलं की सुनीतीच्या तोंडून राईची वाट बाहेर जाणार नाही, तिची हमी माझी. तुला माहीत आहे, गावाचं गाऱ्हाणं घालायचा मान आपल्या घराचा. गावाला देवीकडे जे मागायचं ते मी मोठ्याने बोलतो आणि गाव 'व्हय म्हाराजा' म्हणतो. त्याच तोंडानं हमी दिली. मग भिकाजी गप्प बसला.

हे तुला काळजी लावायला लिहीत नाही. तुझ्यावर विश्वास आहे म्हणून लिहितो.

काजूला मोहोर बरा आहे. तुमच्या सरांना चिमटीचं नीट समजावून सांग.

तुझा मामा
विश्राम


पुणे, ११ मार्च १९८६

ती. मामा,

नमस्कार. बरेच दिवस पत्र नाही, रागावू नका. मार्चअखेरची घाई आहे. अर्धवट भरलेल्या नोंदी सर परत करताहेत, आणि तात्पुरत्या माणसांपैकी कुणाला ठेवायचं हे त्यावरून ठरणार आहे. डोकं अगदी शिणून जातं. अशा वेळी राई फार आठवते.

झऱ्याशी आपण बसलो होतो ती जागा देवळाच्या पूर्वेला की उत्तरेला? आणि मुळी होती ती झऱ्याच्या वरच्या अंगाला ना? डोळे मिटून मनाने तिथे जायला बघते, पण मध्येच वाट चुकते. सहज विचारलं.

मामीचा गुडघा कसा आहे?

सुनीती


मसुरे, २२ मार्च १९८६

सातेरी माउलीची कृपा असो.

माझी लाडकी सुनीती, आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून राधाबाईच्या डोळ्यांना पाणी आलं. ती म्हणाली, पोरीक थंय कोण नाय, चेडू एकटा पडला. तू इतकी शिकलीस तरी तुला राई आठवते, हे मथुराचं रक्त. ती लग्न होऊन पुण्याला गेली तेव्हा अशीच पत्रात विचारायची, विहिरीवरची अबोली फुलली का, गोठ्याचं दार बदललं का. तेव्हा मला उत्तर द्यायचा कंटाळा यायचा. तुला मात्र सगळं सांगतो.

डोळे मीट आणि ये. देवळाच्या मागच्या पायऱ्या उतरून पूर्वेला चालायचं. व्हाळाचं पाणी लागेल, ते ओलांडायचं नाही, त्याच्या कडेनंच वर जायचं. मग आडवा वाढलेला फणस येईल, ज्याच्या खोडावर बसून तू करवंदं खाल्लीस. त्याला आम्ही भावंडं 'आजो' म्हणायचो. तो म्हाताऱ्यासारखा वाकलेला म्हणून मथुरानं ते नाव ठेवलं होतं. गावात ते कुणाला ठाऊक नाही, राधाबाईलासुद्धा मी आज सांगितलं. आजोच्या पाठीकडून वर चढलं की झरा. झऱ्याच्या वरच्या अंगाला, दोन काळ्या दगडांच्या मधून आत गेलं की मुळीच मुळी. आता वाट चुकणार नाहीस.

जेवणाची आबाळ करू नको. अर्धवट काम परत आलं तर पुन्हा करून द्यायचं, त्यात कमीपणा नाही. सर काही बोलले तर उलट बोलू नको.

तुझा मामा
विश्राम


पुणे, ९ जून १९८६

ती. मामा आणि मामी,

नमस्कार. आनंदाची बातमी. मला संस्थेत कायम केलं. सगळ्या नोंदी पूर्ण भरलेल्या फक्त दोघांच्या होत्या, त्यात माझ्या. आमची माहिती आता तयार झाली आहे, आणि जो अभ्यासक किंवा कारखाना मागेल त्याला ती छापून मिळेल. सर म्हणाले, कोकणची इतकी नेटकी माहिती आजवर कुणी गोळा केली नव्हती.

मामीसाठी पातळ पाठवलं आहे. इकडे पाऊस सुरू झाला.

तुमची
सुनीती


मसुरे, १८ सप्टेंबर १९८६

सातेरी माउली.

चि. सुनीतीस आशीर्वाद.

तू कायम झालीस म्हणून साखर वाटली होती, त्यावर तुला पत्र लिहायचं राहिलं. आज लिहितो ते वाईट आहे. बसून वाच.

गौरीच्या दिवशी सगळं गाव आपापल्या घरात असताना राईत माणसं शिरली. नंतर पोरांनी सांगितलं, कसालच्या बाजूने टेम्पो आला, देवळाच्या वरच्या रस्त्याला उभा राहिला, आणि सात-आठ माणसं पोती, कुदळी घेऊन खाली गेली. राईत लोखंड नेत नाहीत हे लहान पोराला ठाऊक असतं. मुळी काढायची तर कौल घेऊन, हातानं माती उकरून, एका वेळी एक. यांनी कुदळ घातली. संध्याकाळी गुरव दिवा लावायला गेला तेव्हा टेम्पोच्या चाकांच्या खुणा दिसल्या.

मी दुसऱ्या दिवशी गेलो. दोन दगडांच्या पलीकडे आता नांगरलेल्यासारखं आहे. बोटाएवढी मुळीसुद्धा ठेवली नाही. झऱ्यात माती गेली आहे, पाणी लाल येतं. मी तिथे हातानं माती चाळत बसलो. गुरवानं हात धरून आणलं.

ती माणसं रानात भटकली नाहीत. पाचोळ्यावर एकच पायवाट पडली आहे, थेट मुळीपर्यंत. म्हणजे कुणीतरी नीट वाट सांगितली. आमच्यातलंच कुणीतरी. भिकाजी आदल्या दिवशी कसालला गेला होता, काजूच्या व्यापाराने टेम्पोवाले त्याच्या ओळखीचे. माझ्या हमीमुळे देवळात गप्प बसावं लागलं, तेव्हापासून तो माझ्यावर खार खाऊन आहे. मी गावासमोर त्याला तसं बोललो. जीभ आवरली नाही. तो एवढंच म्हणाला, "विश्राम, तुझ्या तोंडात गावाचा गाऱ्हाणा आसा. जपून बोल." आणि उठून गेला. त्याच्या घरचं कुणी आता आमच्या पाणवठ्यावर येत नाही.

गावात एक-दोघांनी तुझं नाव काढलं. मी त्यांना तिथेच गप्प केलं. देवीपुढे नारळ ठेवला आहे म्हटलं. तू मनाला लावून घेऊ नको.

दसऱ्याला गाऱ्हाणं घालायचं ठरलं आहे. ज्यानं वाट सांगितली त्याच्यावर. मलाच घालावं लागणार. बरंच आहे, भिकाजीकडे बघून घालीन.

आपल्या वाडीतली तुळसा त्या दिवशी राईच्या वर गवत कापत होती असं म्हणतात, पण ती दुपारीच बहिणीच्या बाळंतपणाला कुणकेश्वरला गेली. ती आली की विचारू.

तुझा मामा
विश्राम


पुणे, २९ सप्टेंबर १९८६

ती. मामा,

नमस्कार. पत्र वाचून फार वाईट वाटलं.

पण मामा, माझं ऐका. भिकाजीकाकांना दोष देऊ नका. अशा कंपन्यांची माणसं जंगलं हेरत फिरतात, त्यांना वाट सांगायला कुणी लागतंच असं नाही. आणि ते गाऱ्हाणं घालू नका. कुणाचं वाईट मागून झाडं परत येणार आहेत का? तुमचं वय झालं, उगाच मनस्ताप. तालुक्याला वन खात्याकडे अर्ज द्या, मी इथून मजकूर लिहून पाठवते. गाऱ्हाण्याने काही होत नसतं हे तुम्हालाही माहीत आहे. मग कशाला घालायचं?

दसऱ्याआधी उत्तर पाठवा. गाऱ्हाणं नाही घातलं, एवढंच लिहा.

सुनीती


मसुरे, २० ऑक्टोबर १९८६

सुनीती,

तुझं पत्र दसऱ्याच्या चार दिवस आधी मिळालं. चांगलं वाटलं. मला वाटलं, पोरगी मामाच्या प्रकृतीला जपते. उत्तर लिहायला बसलो होतो, तेवढ्यात तुळसा कुणकेश्वरहून आली.

तिनं अंगणातच सांगितलं. त्या दिवशी ती माणसं तिला भेटली होती. देशावरची बोली. त्यांच्यातल्या एकानं तिला विचारलं, "आजो नावाचा फणस कुठला?" ती म्हणाली, असलो फणस आमच्या गावात नाय. तो हसून म्हणाला, आहे, व्हाळाच्या कडेनं आहे, आणि पुढे चालायला लागला. तुळसा मला विचारत होती, "दादानू, आजो कोण वो?" मी म्हटलं, माका काय ठाऊक. तिनं आणखी कुणाला हे सांगितलेलं नाही. तिला त्यात काही वाटलंच नाही.

ते नाव जगात चौघांना ठाऊक होतं. मथुरा गेली. मी कुणाला बोललो नाही. राधाबाई बोलली का म्हणून तिला मी शपथ घालून विचारलं, ती बिचारी रडायला लागली. मग तुझी पत्रं काढून बसलो. मार्चातलं काढलं. तू सहज विचारलं होतंस.

तू आईच्या आठवणीनं विचारतेस असं मला वाटलं होतं. ते पत्र मी राधाबाईला कितीदा वाचून दाखवलं. आणि तू तो रकाना भरत होतीस.

मला रागानं लिहिता येत नाही, सवय नाही. लिहितो ते नुसतं काय झालं ते.

दसऱ्याला गाव जमला. भिकाजी अंघोळ करून, ओल्या पंच्यानं सगळ्यांच्या पुढे येऊन उभा राहिला. आपल्या अंगावर काही नाही हे दाखवायचं असलं की आमच्यात तसं उभं राहतात. गाऱ्हाण्याआधी मी सगळ्यांना सांगितलं की भिकाजीचा दोष नाही, माझी जीभ घसरली. त्याच्या पायाला हात लावायला वाकलो, तर तो मागे सरकला. मला म्हणाला, "मग कोणाचो दोष, ताय सांग." गुरवानं विचारलं, इतरांनी विचारलं. मी सातेरीच्या समोर उभा राहून म्हटलं, माका ठाऊक नाय.

त्याआधी देवळात मी खोटं बोललो नव्हतो. एवढ्या वर्षांत कधी नाही.

मग गाऱ्हाणं घातलं. शब्द बापाच्या वेळचे आहेत, मी एकही वाढवला नाही, कमी केला नाही. तुला ऐकवतो, कारण ते ऐकायचा तुझा हक्क आहे. "गे आई सातेरी, तुझ्या राईची वाट जेना कोणी परक्याक दाखयली आसात, तो जवळचो असो, लांबचो असो, भायरलो असो, घरातलो असो, तेका तुझ्या पायाकडे हाड. तो येय नाय तोपर्यंत तेच्या हातच्या कामाक यश दिव नको." 'घरातलो' हा शब्द दर वेळी नुसता तोंडातून जातो. या वेळी तिथे अडकलो. लोकांना वाटलं मला ठसका लागला. कुणीतरी पाणी दिलं. मी पाणी प्यालो आणि तो शब्द बोललो. सगळा गाव म्हणाला, व्हय म्हाराजा. भिकाजी सगळ्यांत मोठ्यानं.

वाट सांगणारा पहिला तर मीच. माझ्या हातानं, पत्रात. तेव्हा ते गाऱ्हाणं माझ्यावरही आहे, हे मला कळतं.

भिकाजीला मी निर्दोष म्हटलं, पण दोषी कोण ते सांगितलं नाही. म्हणून गाव म्हणतं, विश्राम भिकाजीला घाबरला. भिकाजी म्हणतो, विश्राम कुणाला तरी झाकतो. तो बरोबर म्हणतो.

हमीचा नारळ मी उचलून आणला. तो नासला होता.

विश्राम


पुणे, ३ एप्रिल १९८७

ती. मामा,

तुमच्या पत्राला उत्तर द्यायला सहा महिने लागले. अनेकदा लिहिलं आणि फाडलं.

रकाना रिकामा ठेवला तर नोंद बाद होत होती. नोंद बाद झाली की मी. तरी मी आधी नुसतं 'मसुरे' लिहून दिलं होतं. सरांनी ते परत केलं, मग तुमच्या पत्रातली वाट आजोसकट उतरवून दिली. मला वाटलं, कोण बघणार आहे, चार अभ्यासक बघतील. हे खरं आहे, मामा. पण तुम्हाला ते मार्चातलं पत्र टाकताना पेटीपासून दोनदा परत फिरले, हेही खरं आहे. म्हणजे मला कळत होतं.

आता त्या नोंदीतलं ठिकाण मी काढायला लावलं आहे. छापून गेलेल्या प्रती मात्र परत येणार नाहीत.

दुसरं. माझं लग्न ठरलं. मुलगा इथेच कॉलेजात शिकवतो. वैशाखातला मुहूर्त आहे, पत्रिका सोबत पाठवते. बाबा म्हणाले, पहिली पत्रिका तुझ्या आजोळच्या देवीला जाऊ दे. मामा, आई नाही. मला बोहल्यावर तुम्हीच न्यायचं आहे. तुम्ही आला नाहीत तर मला तिथे कोण नेणार?

गाऱ्हाण्याने काही होत नाही असं मी तुम्हाला लिहिलं होतं. आता रात्री मध्येच जाग येते आणि ते शब्द आठवतात. तुम्ही ते म्हणताना मनात माझं नाव घेतलंत का? मला एवढंच कळवा.

तुमची
सुनीती


मसुरे, १९ एप्रिल १९८७

सुनीती,

पत्र आणि पत्रिका मिळाली. मुलगा शिकलेला आहे, चांगलं झालं. पत्रिकेवर मथुराचं नाव घातलंत, तेही चांगलं झालं.

इकडे उष्मा फार आहे. राधाबाईचा गुडघा तसाच. अजून लोक औषधाला येतात. कुडा, निरगुडी असेल ते देतो. ज्याला मुळी लागते त्याला मालवणच्या दवाखान्यात जायला सांगतो. काही जातात, काही नुसते परत जातात. खालच्या वाडीतली सावित्री, जिला रात्र-रात्र झोप नसते, ती दर सोमवारी येऊन विचारते, आली का. मी म्हणतो, येईल. राईत गेलो होतो. दोन दगडांच्या आत गवत आलं आहे, दुसरं काही नाही.

तुझ्या वडिलांचं म्हणणं बरोबर आहे, पहिली पत्रिका देवीची. मी पत्रिका घेऊन देवळापर्यंत गेलो. पायरीवर बसलो. तुला ठाऊक आहे, पत्रिका देवीपुढे ठेवायची तर नवऱ्या मुलीचं नाव मोठ्यानं घ्यावं लागतं, आणि ते मामानं घ्यायचं असतं. नाव घेतलं की देवीची नजर त्या माणसावर पडते. ते गाऱ्हाणं अजून तसंच आहे. कुणाच्या नावावर नाही, वाऱ्यावर आहे. ज्याचं त्याला शोधत फिरतं आहे. मी तिच्यासमोर उभा राहून तुझं नाव उच्चारलं, तर तिला मीच बोट करून दाखवल्यासारखं होईल. लग्नाच्या तोंडावर ते माझ्याच्यानं होईना.

आतून भिकाजी आला. मला बसलेला बघून थांबला. दसऱ्यापासून आम्ही बोलत नाही. त्यानं माझ्या हातातल्या पत्रिकेकडे बघितलं, हळदीचं बोट लावलेलं बघितलं. मग विचारलं, "भाचयेची?" मी मान हलवली. त्यानं माझ्या तोंडाकडे बघितलं. मला वाटतं त्याला कळलं. तो म्हणाला, "घरी घेवन जा, विश्राम." आणि चपला घालून निघून गेला. त्यानं गावात काही सांगितलेलं नाही. मी ज्याला चोर म्हटलं, तो आता तुला झाकतो आहे.

पत्रिका घरी आणली. देवीला न सांगता घरातलं कार्य मला करता येत नाही, म्हणून मी लग्नाला येणार नाही. नारायणगावला तुझ्या वडिलांचा मावसभाऊ आहे, तो मामाच्या जागी उभा राहील, त्याला आजच कळवा. त्या लोकांना आयत्या वेळी सांगू नका, सुटी मिळत नाही. मामा कुठे आहे असं कुणी विचारलं तर प्रकृती बरी नाही म्हणून सांगा. ते खोटं नाही.

गाऱ्हाण्यातून सुटायची वाट गाऱ्हाण्यातच सांगितलेली असते. ती तुला लिहून दिली आहे. देवीच्या पायाशी यायचं असेल तर यावं. मी बोलावत नाही.

राधाबाईनं साडी घेतली आहे, ती पोस्टानं येईल. ती तिच्याकडून आहे. तू विचारलं आहेस त्याचं उत्तर माझ्याकडून. तुझं नाव मी घेतलेलं नाही. दसऱ्याला घेतलं नाही, आणि त्यानंतरही घेत नाही.

विश्राम परब
मसुरे